टाचेपासून टाचेपर्यंत

"जुने एक्स-रे असतील तर घेऊन या," असं डॉक्टर म्हणाले तेव्हा मला हसूच आलं. चाळीस वर्षांपूर्वीच्या फिल्म्स कोण जपून ठेवतं? आईने ठेवल्या होत्या. कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर, मोठ्या खाकी लिफाफ्यांत, ओल लागू नये म्हणून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून. सोबत एक शंभर पानी वही होती. ती तेव्हा मी उघडली नाही. फिल्म्स घेऊन निघाले.

आदल्या रात्री त्या खिडकीच्या काचेला चिकटपट्टीने लावून पाहिल्या. एकूण सात. काही लिफाफ्यांवरच्या तारखा पुसट झाल्या होत्या, म्हणून नुसत्या दिसण्यावरून क्रम लावला. एका फिल्ममध्ये मांडीच्या हाडाचा गोळा पायाखाली आलेल्या खडूसारखा दिसत होता. तुकडे, मध्ये काळ्या फटी, कडा कुरतडलेल्या. म्हटलं, आजार ऐन भरात असतानाची ही, म्हणजे सुरुवातीची. मग जरा सावरलेली. आणि एका फिल्ममध्ये गोळा पांढराशुभ्र होता, घट्ट, ठसठशीत. ती शेवटी लावली. बरी झाले ती हीच, असं मनाशी म्हटलंसुद्धा.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी त्या प्रकाशाच्या पेटीवर माझ्याच क्रमाने लावल्या, क्षणभर पाहिलं, आणि माझी शेवटची फिल्म उचलून डावीकडे, चुऱ्याच्या फिल्मच्या आधी नेऊन ठेवली.

"हे मेलेलं हाड," ते म्हणाले. मग त्या चुऱ्यावर पेन टेकवून, "आणि हे बरं व्हायला लागलेलं."

वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी मला कळलं, की स्वतःच्या आजाराची गोष्ट मी आजवर उलटी वाचत आले होते.

सुरुवात गुडघ्यापासून झाली होती. मी सात वर्षांची. संध्याकाळ झाली की डावा गुडघा दुखायचा, सकाळी उठावं तर काहीच नाही. दुखणंही असं नव्हतं की रडावं. पाय मात्र ओढला जायचा, आणि तो मला नाही, इतरांना दिसायचा. "नाटकं करू नकोस, नीट चाल," असं आई म्हणायची. मी नीट चालून दाखवायचे. दहा-बारा पावलं जमायचं. त्यामुळे तिचा संशय आणखी पक्का व्हायचा.

एका डॉक्टरांनी गुडघ्याचा एक्स-रे काढला. सातांतली पहिली फिल्म तीच, आणि ती आजही निर्दोष आहे. वाढीच्या वयातलं दुखणं आहे, जाईल आपोआप, असं सांगून आम्हाला घरी पाठवलं गेलं. दोन महिने गेले. त्या डॉक्टरांवर मी आता राग धरत नाही, पण ते दोन महिने हिशेबातून वजाही करत नाही.

झालं होतं ते असं. खुब्याच्या सांध्याला जी नस संवेदना पुरवते, तीच पुढे मांडीच्या आतल्या बाजूने गुडघ्यापर्यंत जाते. ऑब्ट्युरेटर तिचं नाव. तक्रार निघते खुब्यातून, मेंदू मात्र पाकिटावर गुडघ्याचा पत्ता वाचतो. मूल खोटं बोलत नसतं, त्याला खरोखर गुडघाच दुखत असतो. म्हणून लंगडणारं मूल गुडघ्याकडे बोट दाखवू लागलं की खुबा तपासायचाच, हा हाडांच्या डॉक्टरांचा जुना नियम आहे. आईबापांपर्यंत तो सहसा पोचत नाही, म्हणून इथे मुद्दाम लिहिते. लंगडणं दोन-तीन आठवड्यांत गेलं नाही, तर गुडघ्याच्या स्वच्छ एक्स-रेवर समाधान मानू नका. आणि लंगडण्याबरोबर ताप असेल, पाय टेकवतच नसेल, तर तितकेही दिवस थांबू नका. ते प्रकरण वेगळं असू शकतं.

दुसऱ्या डॉक्टरांनी गुडघ्याला हातही लावला नाही. मला टेबलावर उताणं झोपवलं, आणि लाटणं फिरवावं तसा पाय जागच्या जागी आत-बाहेर फिरवला. उजवा फिरला. डावा आत वळेना. मग दोन्ही पाय एकेक करून बाजूला फाकवले. उजवा कात्रीच्या पात्यासारखा उघडत गेला. डावा अर्ध्यावर अडला, आणि त्यांनी आणखी जोर लावल्यावर पाय तसाच राहून माझं ढुंगणच टेबलावरून सरकलं. मला गंमत वाटली, मी हसले. आई हसली नाही.

फिल्म पाहून ते म्हणाले, पर्थेसचा आजार. मी ऐकलं 'पार्थेस'. पार्थ म्हणजे अर्जुन हे मला ठाऊक होतं, त्यामुळे हा बाण-बीण मारणाऱ्या माणसाचा, जरा ऐटदार आजार असणार अशी माझी बरेच दिवस समजूत होती. शाळेत मी तो तशाच थाटात सांगितला.

खरा पर्थेस जर्मनीतल्या ट्युबिंगेनचा सर्जन. गेऑर्ग पर्थेस. आजाराचं पूर्ण नाव लेग-काल्वे-पर्थेस. बोस्टनचा आर्थर लेग, फ्रान्सचा जाक काल्वे आणि हा पर्थेस, अशा तिघांनी एकमेकांपासून दूर बसून १९१० मध्ये जवळपास एकच गोष्ट लिहिली. (पायाचं दुखणं शोधणाऱ्या डॉक्टरचं आडनाव लेग असावं, हा योगायोग मला अजूनही पटत नाही.) त्याआधी हा आजार नव्हता असं नाही. त्याला क्षय म्हणत. लहान मूल लंगडतंय, खुबा आखडलाय, म्हणजे हाडाचा क्षय. मग वर्षानुवर्षं पलंगावर. काल्वे उत्तर फ्रान्समधल्या बेर्क इथे काम करायचा. समुद्रकाठचं हे गाव हाडांच्या क्षयाच्या रुग्णांनी भरलेलं असायचं. त्या गर्दीत काही मुलं अशी होती की ज्यांना गळू होत नव्हतं, सांधा नासत नव्हता, आणि जी यथावकाश चालायलाही लागत होती. १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लागला होता. आता आत डोकावता येत होतं, आणि आतलं चित्र क्षयाच्या चित्राशी जुळत नव्हतं. स्वीडनच्या हेनिंग वाल्डेनस्ट्रॉमने तर ते चित्र या तिघांच्याही आधी, १९०९ मध्येच छापलं होतं. पण त्याने त्याला क्षयच म्हटलं, सौम्य प्रकारचा. त्यामुळे नावातून तो गळाला. पुढे या आजाराचे टप्पे मात्र त्यानेच लावून दिले, आणि आजही डॉक्टर फिल्म्स लावतात त्या त्याच क्रमाने.

माझ्या खिडकीवरच्यासारख्या नाही.

खुब्याचा सांधा म्हणजे कमरेच्या हाडात एक वाटी आणि तिच्यात मांडीच्या हाडाचा गोळा. मोठ्या माणसाचा हा गोळा खालच्या हाडाशी एकजीव झालेला असतो. लहान मुलाचा नसतो. मध्ये वाढीची पट्टी असते, हाडाहून मऊ, लवचिक अशा कूर्चेची, आणि खालच्या हाडातल्या रक्तवाहिन्यांना ती ओलांडता येत नाही. वाटीच्या तळातून एका अस्थिबंधाबरोबर एक बारीक वाहिनी येते, पण तिच्यावर भिस्त ठेवता येत नाही. उरतात त्या हाडाच्या मानेला चिकटून, सांध्याच्या पिशवीच्या आतून वर चढणाऱ्या मोजक्या वाहिन्या. ऑक्सफर्डमध्ये काम करणाऱ्या जोसेप ट्रुएटाने १९५७ मध्ये दाखवून दिलं, की साधारण चार ते सात या वयात गोळ्याचा जवळजवळ सगळा रक्तपुरवठा या एकाच वाटेने होतो. आधी दुसऱ्या वाटा असतात, नंतर नव्या उघडतात. मधली ही काही वर्षं म्हणजे अख्खी इमारत एका नळावर. आणि नेमक्या याच वयात मूल दिवसभर उड्या मारत असतं.

त्या नळाचं पाणी कशाने तुटतं, हे शंभर वर्षांनंतरही कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. एकदा तुटतं की पुनःपुन्हा, यावरही एकमत नाही. तुटल्यावर काय होतं, ते मात्र माझ्या फिल्म्सवर स्पष्ट दिसतं.

दुसरी फिल्म. नवख्याला यात काही दिसणार नाही. डॉक्टरांनी दोन्ही बाजूंवर पट्टी ठेवून दाखवलं. डावा गोळा उजव्यापेक्षा किंचित लहान, आणि वाटी व गोळ्यामधली जागा किंचित रुंद. गोळ्यावरचं कूर्चेचं आवरण सांध्यातल्या द्रवावर जगतं, त्याला रक्त लागत नाही. म्हणून ते वाढत राहतं. आतलं हाड उपाशी, थांबलेलं. बाहेरून सगळं चालू, आतून बंद.

तिसरी माझी लाडकी, पांढरीशुभ्र. मेलेल्या हाडातलं चुन्याचं प्रमाण आहे तसंच राहतं. आजूबाजूचं जिवंत हाड मात्र पाय कमी वापरल्यामुळे विरळ होतं, म्हणजे एक्स-रेत करडं दिसतं, आणि त्याच्यापुढे मेलेलं उजळून निघतं. त्यात दबून चेपलेल्या हाडाच्या जाळीची दाटी. वर जुन्या मेलेल्या सांगाड्यावर नव्या हाडाचा लेप चढू लागलेला असतो, त्याची भर. मजबुतीचा यात काही संबंध नाही.

चौथी, चुऱ्याची. वाहिन्या परत आत शिरल्या. त्यांच्याबरोबर हाड खाणाऱ्या पेशी आल्या आणि हाड बांधणाऱ्याही. पण खाण्याचा वेग जास्त, बांधण्याचा कमी. मेलेलं उचलून नेल्यावर तिथे काही काळ नुसती मऊ ऊती भरलेली असते. एक्स-रेला ती दिसत नाही, म्हणून भोकं दिसतात. म्हणजे आपल्याला पडझड वाटते ती मलबा उचलण्याची खटपट असते. आनंदाचीच गोष्ट, फक्त या काळात गोळा ओल्या मातीइतका मऊ असतो. त्याच्यावर शरीराचा भार पडतो, तो वाटीच्या काठाबाहेर सरकू लागतो, आणि तो काठच त्याला खोक पाडतो.

इथे आजाराचं गुपित आहे. मला ते कळायला इतकी वर्षं लागली, कारण लहानपणी सगळे 'बरी होईल का' एवढंच विचारत होते. हाड बरं होतंच. औषध न घेता, काही न करता, दोन-चार वर्षांत शरीर ते गोळाभर हाड पुन्हा बांधून काढतं. मग डॉक्टर कशाला? आकारासाठी. मऊ असेपर्यंत गोळा वाटीच्या आत ठेवायचा. वाटी गोल आहे, तिच्या साच्यात राहिला तर तोही गोल थिजेल. बाहेर राहिला तर चपटा. या आजारावरचा इलाज म्हणून जे काही केलं जातं, प्लास्टर, पट्टे, हाड कापून त्याचा कोन बदलण्याची शस्त्रक्रिया, ते सगळं या एका वाक्यात येतं. रक्त परत आणणारा इलाज यांतला एकही नाही.

आणि वेळ साधावी लागते. मणिपालच्या डॉ. बेंजामिन जोसेफ यांनी ६१० मुलांचा आजार कसा पुढे सरकतो ते बारकाईने लावून २००३ मध्ये मांडलं, वाल्डेनस्ट्रॉमच्या टप्प्यांचेही पोटभाग पाडून. गोळा बाहेर सरकतो तो मुख्यतः तुकड्यांच्या टप्प्याच्या उत्तरार्धात, त्यामुळे करायचं ते त्याच्या आधी. एकदा आकार बिघडून हाड कडक झालं की गोळा आत बसवून उपयोग नाही, मग नुसतं दारात अडकलेलं कपाट. दोन महिने मी वजा करत नाही ते यासाठी.

पाचव्या फिल्ममध्ये मी प्लास्टरमध्ये आहे. हाडांच्या दोन्ही बाजूंनी एक धूसर पांढरी सावली, आणि पाय असे फाकलेले की फिल्मवर मांड्या तिरक्या कोपऱ्यांकडे निघाल्या आहेत. दोन्ही पायांना मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर आणि मध्ये एक आडवी काठी. पाय फाकवले की गोळा वाटीत खोल जातो, एवढंच त्यामागचं गणित. पण आठ वर्षांच्या पोरीने जगायचं कसं, हे त्या गणितात नव्हतं.

पहिली गोष्ट, दारं. दार माझ्यापेक्षा अरुंद होतं. मग मी खेकड्यासारखी आडवी जायचे. आधी उजवा पाय चौकटीपलीकडे, मग काठी, मग डावा. दोन दिवसांत सवय झाली. तिसऱ्या दिवशी मी लोकांना मुद्दाम करून दाखवू लागले. दुसरी गोष्ट, खाज. प्लास्टरच्या आत, गुडघ्याच्या मागे, बरोबर जिथे काहीच पोचत नाही तिथे. दादाने लाकडी फूटपट्टी आत सरकवायची युक्ती काढली. ती एकदा आतच राहिली, आणि आईला सांगायची हिंमत होईपर्यंत आम्ही दोघांनी एक रात्र काढली. मला चालताना टकटक वाजत होतं. तिसरी गोष्ट, दादाने फळीला चाकं लावून केलेली गाडी. तिच्यावर मी पालथी झोपायचे आणि हातांनी फरशी ढकलत घरभर फिरायचे. जमिनीपासून वीतभर उंचीवरचं आमचं घर माझ्याइतकं कुणी पाहिलेलं नाही.

दर काही आठवड्यांनी प्लास्टर बदलायचे. कापायची गोल करवत चिरकायची. ती फिरत नाही, नुसती थरथरते, म्हणून कडक प्लास्टर कापते आणि कातडीला इजा करत नाही, असं प्लास्टर कापणाऱ्यांनी मला दर वेळी स्वतःच्या तळहाताला लावून दाखवलं. दर वेळी मला ते पटलं आणि दर वेळी मी ओरडले. दोन शिंपले उघडावेत तसं प्लास्टर उघडलं की आत एक परका पाय असायचा. काटकुळा, खवले सुटलेला, आंबूस वासाचा, आणि विलक्षण हलका. तो उचलला की आपोआप वर जायचा.

शाळेत परत गेले तेव्हा वर्ष गेलं होतं. अभ्यास घरी झाला होता आणि जरा जास्तच झाला होता. आल्या आल्या पहिली आले. तेव्हा एक बाई कौतुकाने म्हणाल्या, "वासरात लंगडी गाय शहाणी!" म्हण चुकली होती, कारण तिचा अर्थ मूर्खांच्या मेळाव्यात बेताचा हुशार असा काहीसा होतो. पण त्यातला एकच शब्द वर्गाने उचलला. आपल्या भाषेत लंगड्याच्या वाट्याला फार काही चांगलं येत नाही. सबब लंगडी, समर्थन लंगडं. मी कितीतरी वर्षं हे शब्द लिहायचं टाळत असे. आता टाळत नाही. सबब खरोखरच लंगडी असते कधीकधी, त्याला माझा खुबा काय करणार?

मला एक वेगळंच ओझं होतं. आजार सुरू व्हायच्या थोडं आधी मी जिन्याच्या चौथ्या पायरीवरून उडी मारली होती. दादाने 'मारून दाखव' म्हटलं होतं. त्याचाच हा परिणाम, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती, आणि दादाचं नाव येऊ नये म्हणून मी ते कुणाला सांगितलं नव्हतं. तिशी उलटल्यावर एकदा सहज बोलता बोलता सांगितलं, तर तो उठून खिडकीशी गेला. तोही तेच धरून बसला होता. चाकांची गाडी उगाच झाली नव्हती.

उडीने पर्थेस होत नाही. तसं असतं तर उड्या मारणाऱ्या जगातल्या निम्म्या पोरांना तो झाला असता. हा आजार मुळात क्वचित होणारा, आणि जगभर सारखा पसरलेलाही नाही. विषुववृत्ताजवळ कमी दिसतो, उत्तरेकडच्या देशांत जास्त. लिव्हरपूलच्या गरीब वस्त्यांमध्ये एकेकाळी तो ठळकपणे जास्त होता आणि पुढे कमी होत गेला, म्हणजे राहणीमानाचा काही धागा असणार. होणारी मुलं वयाच्या मानाने बुटकी, चणीने बारीक, आणि त्यांच्या हाडांचं वय खऱ्या वयाच्या मागे असतं. बरीच जण कमालीची चुळबुळी असतात. घरातल्या सिगारेटच्या धुराशी संबंध काही अभ्यासांत दिसला आहे. मोजक्या घराण्यांत दोष जनुकात सापडला. यांतलं एकही एकटं कारण ठरत नाही, आणि आईने मुलीला 'नीट चाल' म्हणून दटावणं तर या यादीत कुठेच बसत नाही.

मुलगे मुलींच्या चौपट-पाचपट. मी त्या पाचांतली एक. त्याचा एक तोटा असतो. मुलींची हाडं लवकर पिकतात, म्हणून बिघडलेला आकार वाढीबरोबर सुधारून घ्यायला मुलींना वर्षं कमी मिळतात. पाच-सहा वर्षांच्या आत आजार झाला तर बहुधा नुसती देखरेख पुरते. आठ वर्षांच्या पुढे झाला तर शस्त्रक्रियेचा विचार अधिक गंभीरपणे करतात. मी मधल्या वेशीवर. टोनी हेरिंगने, म्हणजे जॉन अँथनी हेरिंगने, १९९२ मध्ये गोळ्याच्या बाहेरच्या बाजूचा खांब किती उंच उरलाय यावरून पुढचं भाकीत करायची पद्धत आणली. खांब शाबूत तर ए, निम्म्याहून अधिक उरला तर बी, निम्म्याहून कमी तर सी. माझा आजार तोवर संपून गेला होता. तरी डॉक्टरांनी परवा चौथ्या फिल्मवर पट्टी ठेवून मोजलं आणि म्हणाले, "बी. थोडक्यात." परीक्षा संपून जमाना झाल्यावर निकाल ऐकावा, तसं वाटलं.

सहाव्या फिल्ममध्ये कडांकडून नवं हाड आत येताना दिसतं. सातवी मी बारा वर्षांची असतानाची. गोळा आता एकसंध आहे, रंगही दोन्हीकडे सारखा. पण गोल नाही. वरून दाबलेला, बाजूंना पसरलेला, भूछत्रासारखा. तिकडे पाहून माझा चेहरा पडला असावा. डॉक्टर म्हणाले, "गोळा पाहू नका, वाटी पाहा." वाटीही गोल नव्हती. वाढता वाढता ती गोळ्याच्या वाकड्या आकाराला जुळवून घेत तशीच लांबट झाली होती. लांबटात लांबट, फट सगळीकडे सारखी. असे सांधे बरीच वर्षं चालतात. गोल वाटीत चपटा गोळा असेल तर पन्नाशीच्या आतच झिजून संपतात.

बरीच वर्षं म्हणजे किती, हे मी विचारलं. आयोवामध्ये लहानपणी पर्थेस झालेल्यांचा एक पाठपुरावा झाला होता. पस्तिसेक वर्षांनंतर पाहिलं तेव्हा बहुतेकांचं छान चाललं होतं. आणखी बारा-एक वर्षांनी पाहिलं, तोवर साधारण ४० टक्के जणांना सांधा बदलून घ्यावा लागला होता. मी नेमकी त्या दोन पाहण्यांच्या मध्ये उभी आहे. डावा पाय दीड सेंटीमीटर आखूड, चपलेत टाचेखाली एक पातळ गादी. जिना उतरताना कठड्याला हात. मांडी घालून बसले तर उठताना खुबा आधी विचार करतो. सांधा बदलायचा तो दिवस येईल, तो शक्य तितका पुढे ढकलायचा, असं ठरलं. फिजिओथेरपीच्या मुलीने व्यायाम लिहून दिले. त्यांतला पहिलाच वाचून मी थबकले. उताणं झोपा, दोन्ही पाय बाजूला फाकवा, किती जातात ते रोज मोजा.

घरी येऊन मी ती वही उघडली.

प्लास्टरच्या आधी चार-पाच महिने मला हाच व्यायाम होता. सतरंजीवर उताणं झोपायचं. दादा माझ्या कमरेच्या हाडांवर दोन्ही हात दाबून बसायचा, म्हणजे ढुंगण सरकवून फसवता येऊ नये. आई पाय फाकवायची, आणि एका टाचेपासून दुसऱ्या टाचेपर्यंत शिवणकामाची टेप धरायची. दर रविवारी. मग आकडा मोठ्याने सांगायची. मोजून वहीत लिहायची कल्पना तिचीच होती. डॉक्टरांनी तसं काही सांगितलं नव्हतं. पाय बाजूला जाईनासा होणं ही गोळा बाहेर निघाल्याची खूण असते, हे तिला माहीत असायचं कारण नव्हतं. तिला वाटलं, मोजलं की कळेल.

वहीत डावीकडे तारीख, उजवीकडे आकडा. बाकी एक अक्षर नाही. ७४, ७३, ७३, ७०. मग ६८. मग ६६. मध्ये एकदा ६७. मग ६४. निळ्या शाईत, सारख्या वळणाने, आकडा पायऱ्या उतरत जातो. ५८ ला वही संपते, कारण त्या आठवड्यात ती वही डॉक्टरांसमोर उघडून ठेवली गेली. त्यांनी पानावरून एकदा बोट खाली नेलं, नवा एक्स-रे काढायला सांगितला, तोच चुऱ्याचा, आणि चौथ्या दिवशी प्लास्टर घातलं.

माझा प्रश्न एकाच ओळीपाशी होता. माझा आठवा वाढदिवस रविवारी आला होता. त्या दिवशी सत्तर झाले होते. हे मला लख्ख आठवतं, कारण दादाने टाळ्या वाजवल्या होत्या आणि मी सतरंजीवर पडल्या पडल्या हात वर केले होते. तसं पाहिलं तर मला आठवतात ते सगळेच आकडे चढते होते. दर रविवारी आई "वाढलं गं" म्हणायची. वाढतंय, वाढतंय म्हणता म्हणता प्लास्टर कसं घातलं, हे माझ्यासाठी कोडंच राहिलं होतं.

वहीत त्या तारखेपुढे ६१ आहे.

आईला फोन केला. म्हटलं, माझ्या आठव्या वाढदिवशी किती झाले होते, आठवतंय? ती म्हणाली, "एकसष्ट." जराही न थांबता.

"मला तर सत्तर सांगितले होतेस."

"वाढदिवस होता ना तुझा."

"आणि बाकीचे रविवार?"

ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "वही डॉक्टरांना दाखवायची होती. त्यात कसं खोटं लिहिणार?"